बाल्कनीत पडलेल्या कबुतराच्या पिसावर किडे दिसले. ते माणसाच्या केसांत होतात का?

नाही, होत नाहीत. मुलीने घोडबंदर रोडच्या तुमच्या घरात बाल्कनीतलं पीस उचलून आणलं, त्यावर लांबट करडे किडे सरकत होते आणि तेव्हापासून तुम्ही रोज तिचं डोकं बारीक फणीने विंचरताय, असं लिहिलंय. ते थांबवा. उवांचं औषधही लावू नका. त्या कबुतराच्याच उवा आहेत. आपल्या डोक्यातली ऊ रक्तावर जगते, ही मात्र पिसांचा मऊ, लवीसारखा भाग कुरतडून खाते. माणसाच्या अंगावर तिचं पोट भरत नाही. पक्ष्यापासून सुटली की काही दिवसांत मरते.

ते पीस अजून असेल तर बंद पिशवीत घालून उजेडासमोर धरा. पंखाच्या पिसाच्या दोन तंतूंमधल्या खाचेत ही ऊ अंग चोरून बसलेली दिसेल. लांबी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. शास्त्रीय नाव कोलंबिकोला कोलंबी. कबुतर पिसं साफ करताना चोचीत सापडू नये म्हणून ही सडपातळ अंगकाठी. कबुतराच्या चोचीचं वरचं टोक खालच्यापेक्षा किंचित पुढे आलेलं असतं, ते उवा मारायला लागतं. संशोधकांनी तेवढंच टोक कापून पाहिलं, तर पिसं साफ करणं चालू असूनही उवा वाढल्या. आणि दुसऱ्या कबुतरावर जायचं, तर ही बिनपंखांची ऊ कबुतरांचं रक्त पिणाऱ्या चपट्या माशीचा पाय धरून जाते! मला या किड्याचं फार कौतुक वाटतं. होल्यांवरही अशा उवा असतात, बहुतेक जातींवर आपापल्या.

काळजी करायचीच तर घरट्याची करा. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे जुनं घरटं आहे का बघा. पिल्लं उडून गेली की घरट्यातले माइट, म्हणजे ठिपक्याएवढे बारीक किडे, उपाशी पडतात, खिडकीतून आत येतात आणि माणसाला चावतात; अंगावर लाल, खाजरे पुरळ येतात. वाळलेल्या विष्ठेची धूळ तर फुप्फुसांना वाईटच. त्यामुळे सुका झाडू मारू नका. मास्क लावून, पाणी शिंपडून, ओलं करूनच खरवडा. अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा, मग लगेच साफसफाई करून कबुतर जाळी बसवा. मुलीला एवढंच सांगा, की पिसाला हात लावला तर साबणाने धुवायचा.