दार फुगलं, बोट उमटेना

पावसाळा लागला की घरातल्या स्मार्ट उपकरणांच्या या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. मे महिन्यात ‘कुठलं घेऊ?’ विचारणारे वाचक जुलैत ‘चालत का नाही?’ विचारतात. या वेळची पत्रं बहुतेक दुसऱ्या जातीची आहेत.

प्रश्न (हुपरी): सागवानी दाराला दिवाळीत बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप बसवलं. आता पावसात ते लागंना झालंय, नुसतं टुकटुक वाजतंय. सेल महिन्यात संपतात. शिवाय वडील चांदीचं काम करतात, त्यांचं बोट ते घेतच नाही. कुलूप बदलावं का?

उत्तर: बदलू नका, दुखणं दाराचं आहे. दार उघडं ठेवून कुलूप लावून पाहा. उघड्या दाराला कुलपाची जीभ (चौकटीत शिरणारा दांडा) एका दमात बाहेर आली आणि बंद दाराला अडखळली, तर मोटर शाबूत आहे. दमट हवेत लाकूड रुंदीला फुगतं, जीभ चौकटीवरच्या पट्टीला घासते, मोटर जोर लावत राहते आणि सेल त्यातच संपतात.

कुठं घासतंय ते शोधायला जिभेच्या टोकाला ओलं कुंकू लावा, दार लोटून कुलूप फिरवा, मग पट्टी बघा. लाल खूण खाचेच्या खालच्या कडेवर उमटली तर दार खाली झुकलंय. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले असणार. ते काढून भोकात फेव्हिकॉल लावलेली लाकडाची काडी ठोका, रात्रभर सुकू द्या आणि सकाळी स्क्रू पुन्हा आवळा. खूण वरच्या किंवा बाजूच्या कडेवर असेल तर तेवढीच कड कानशीनं घासा. एक-दोन मिलिमीटर पुरतात.

सुतार आला की आधी रंधा काढेल. त्याला थांबवा. जुलैत रंधलेलं दार डिसेंबरात आकसतं आणि फटीतून वारा येतो. त्यापेक्षा येत्या मे महिन्यात, लाकूड कोरडं असताना, दार उतरवून वरच्या आणि खालच्या कडेला पॉलिशचे दोन हात द्या. त्या कडा दिसत नाहीत म्हणून कोरड्या सोडलेल्या असतात, आणि लाकूड ओल पितं ते जास्त करून तिथूनच.

सेल अल्कलाइन घ्या आणि चारही एकदम बदला. चार्ज करायचे सेल १.२ व्होल्टचे असतात. कुलपाचा हिशेब १.५ व्होल्टचा, त्यामुळे ते लवकरच ‘बॅटरी कमी’ म्हणून ओरडू लागतं.

वडिलांचं म्हणाल, तर घासण्या-पॉलिशच्या कामात अंगठा आणि तर्जनीच्या रेषा झिजतात. डाव्या हाताची अनामिका घ्या आणि तेच एक बोट तीन वेगवेगळ्या नोंदींत भरा: एकदा सरळ, एकदा डावीकडे कललेलं, एकदा उजवीकडे. तरीही जमलं नाही तर टॅग किंवा आकडी पिन द्या, हट्ट नको. आणि कुलपासोबत आलेली किल्ली कुठं आहे ते आज बघा. बहुतेक घरांत ती आतल्या कपाटात असते, म्हणजे नेमक्या वेळी कुलपाच्या पलीकडे! एक किल्ली घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे हवी. सेल पार संपले तर बाहेरच्या बाजूला खाली दोन टिकल्या किंवा यूएसबीचं तोंड असतं. टिकल्यांना ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून धरायची आणि मग बोट लावायचं. तुमच्या कुलपाला यातलं काय आहे ते उजेडात एकदा करून बघा.

प्रश्न (शाहूपुरी): चार कॅमेरे, १ टीबीची डिस्क. दुकानदार महिन्याचं रेकॉर्डिंग राहील म्हणाला, पण दहा दिवसांपूर्वीचंही सापडत नाही. वळवाच्या पावसात गच्चीवरचा कॅमेरा जळला तो वेगळाच. डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) नेमका ठेवावा कुठं?

उत्तर: गणित करून बघू. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ वर (चित्र दाबून लहान करायची नवी पद्धत) साधारण २ एमबीपीएसनं लिहितो, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट, पाव एमबी. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर एका कॅमेऱ्याचे सुमारे २१.६ जीबी, चारांचे ८६ जीबी. म्हणजे १ टीबीत अकराएक दिवस, महिना नाही. सेटिंग जुन्या एच.२६४ वर राहिलं असेल तर जागा जवळपास दुप्पट लागते, ते आधी तपासा. महिनाच हवा असेल तर ३ टीबीच्या खाली जमणार नाही, आणि डिस्क सीसीटीव्हीसाठीचीच घ्या. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क अहोरात्र लिहिण्यासाठी बनवलेली नसते.

‘हालचाल झाली तरच रेकॉर्ड’ हा उपाय गल्लीकडं बघणाऱ्या कॅमेऱ्याला फारसा उपयोगी नाही. रिक्षा, कुत्री, झाडाची फांदी, सगळीच हालचाल. रात्री तर कोळी! कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड उजेडाकडे किडे येतात, किड्यांमागं कोळी येतो, आणि काचेपुढचं एक जाळं त्या उजेडात पांढऱ्याफटक दोरखंडासारखं दिसतं. चित्र धुरकटतं आणि फोनवर रात्रभर सूचना येत राहतात. आठवड्यातून एकदा कोरडा ब्रश फिरवा.

जळण्याचं कारण बहुधा वायर. गच्चीवरून आलेली लांब केबल वीज चमकली की आसपासचा झटका पकडते आणि केबल जोडायचं पोर्ट जळतं, थेट वीज पडायची गरज नसते. नुसता अडॅप्टर काढून भागत नाही, नेटवर्कची केबलही उपटावी लागते. कायमचा उपाय म्हणजे केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर (झटका जमिनीत सोडणारं उपकरण) आणि त्याला खरं अर्थिंग. अर्थिंग धड नसेल तर अरेस्टर शोभेचा. शेडपासून घरापर्यंत असं लांबचं अंतर असेल तर मध्ये फायबर (काचेच्या तंतूची केबल) टाका, त्यातून झटका येत नाही. तांब्याची केबल तशीही १०० मीटरपलीकडे नेऊ नये.

नवी केबल घेताना आतली एक तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरट निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. तिच्यातून लांबवर वीज पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं आणि रात्री इन्फ्रारेड लागला की कॅमेरा बंद-चालू होतो. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या. पाणी झोळीतून ठिबकून जातं, नाहीतर केबल धरून थेट डीव्हीआरपर्यंत उतरतं.

डीव्हीआर टीव्हीखाली तर मुळीच नको. चोर पहिल्यांदा तोच उचलतो. शाहूपुरीत दुसरंही कारण आहे. २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवा. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट, आणि दोन्ही वेळा पाणी तिच्या बरंच वर गेलं. वरच्या मजल्यावर, हवा खेळेल अशा माळ्यावर ठेवा. तळमजल्याच्या कॅमेऱ्यांना वेगळा एमसीबी द्या, म्हणजे पाणी चढू लागल्यावर तेवढेच बंद करता येतील. चार कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मिळून साधारण ४५ ते ५० वॅट खातात. घरच्या इन्व्हर्टरला ते जड नाहीत.

प्रश्न (राजारामपुरी): नवा राउटर आल्यापासून एकही स्मार्ट बल्ब जोडला जात नाही. बल्ब खराब झाले का?

उत्तर: नाही. असे बल्ब आणि प्लग बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. नवा राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावानं दाखवतो, फोन ५ वर जातो आणि ॲपला बल्ब सापडत नाही. राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या, किंवा फक्त २.४ चं पाहुण्यांचं वायफाय सुरू करून सगळे बल्ब त्यावर टाका. दुसरा मार्ग आम्हाला जास्त पसंत आहे, कारण बल्बातून कोणी शिरलं तरी तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत सहसा पोचत नाही. जाता जाता ॲपमध्ये ‘वीज आल्यावर’ या सेटिंगला ‘आधीच्या स्थितीत’ करा. नाहीतर मध्यरात्री लाइट जाऊन आली की घरभर लख्ख उजेड.

प्रश्न (कळंबा): १० अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर गिझर चालेल का?

उत्तर: नको. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो. कागदावर बसतं, पण रोज सलग त्या भारावर पिना तापतात, प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग वास येतो. ३००० वॅटचा इन्स्टंट तर १३ अँपिअर ओढतो. १६ अँपिअरचाच प्लग घ्या, मध्ये अडॅप्टर नको. १५ लिटर पाणी २२ अंशांवरून ६० वर यायला २००० वॅटला सुमारे २० मिनिटं लागतात, म्हणून टायमर २५ मिनिटांचा पुरे. वीज आल्यावरची स्थिती इथं मात्र ‘बंद’ ठेवा.

प्रश्न (रुईकर कॉलनी): कॅमेरे बसवणाऱ्यानं पासवर्ड स्वतःच ठेवला. ॲपमध्ये आम्हाला फक्त बघता येतं.

उत्तर: म्हणजे मालक अजून तोच आहे. डीव्हीआर त्याच्या खात्याला जोडलेला असणार. त्याच्याकडून तो मोकळा करून घ्या आणि तुमच्या खात्याला जोडा. तो टाळाटाळ करत असेल तर बिल आणि सीरियल नंबर घेऊन कंपनीच्या सेवा केंद्राकडे जा. मग ॲडमिन पासवर्ड बदला, ‘शेअर केलेले’ यादीतली अनोळखी नावं काढा, आणि राउटरमध्ये यूपीएनपी व पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट घरात शिरायच्या वाटा) बंद करा. राउटरचा पासवर्डही बदला, तो बहुधा त्यालाच ठाऊक असतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक सॉफ्टवेअरनं जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर बळकावले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवल्यामुळे. आणि कॅमेरा शेजाऱ्यांच्या खिडकीवर जात असेल तर सेटिंगमधल्या प्रायव्हसी मास्कनं तेवढा भाग काळा करा. भांडण टळेल.

प्रश्न (गडहिंग्लज): सिलिंडरसाठी गॅस अलार्म छताला लावलाय. तो वाजला की एक्झॉस्ट फॅन आपोआप सुरू होईल असं ॲपमध्ये केलंय. बरोबर आहे ना?

उत्तर: दोन्ही चुकलं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. अलार्म फरशीपासून ३० सेंटिमीटरच्या आत, शेगडीपासून थोडा बाजूला लावा. आणि ती फॅनची जोडणी आजच काढून टाका. रिले (फॅन आपोआप चालू करणारा स्विच) किंवा फॅनची एक ठिणगी पुरते. अलार्म वाजला तर कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड, घर रिकामं, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन.