खानापूरहून लेमिंग्टनला निघण्याआधी

"ताई, ऑफर दिलेला गेम स्टुडिओ आता एका बड्या कंपनीनं घेतलाय, म्हणजे नोकरी पक्की ना?" असं तू विचारलंस. उत्तर लिहायला बसले आणि दुपारचा भात करपला. व्हिसाची फी, बँकेत दाखवायचे पैसे हे सगळं सरकारी साइटवर आहे, तिथंच वाच.

आमचा स्टुडिओ विकला गेला तेव्हा ऑफिसात केक कापला होता. मी घरी फोन करून सांगितलं, आता काळजी मिटली. चौदा महिन्यांनी अख्खी टेस्टिंग टीम काढली. इथं ब्रिटनमध्ये नोकरीची दोन वर्षं भरली नसतील तर कायद्यानं भरपाई मिळत नाही. मला चार महिने कमी पडले.

मायक्रोसॉफ्टनं ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी 68.7 अब्ज डॉलरला घेतली. ऑक्टोबर 2023मध्ये व्यवहार पुरा झाला आणि जानेवारी 2024मध्ये गेमिंगमधली 1,900 माणसं घरी गेली. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी आपला टँगो गेमवर्क्स स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. टँगोचा 'हाय-फाय रश' हा गेम लोकांनी डोक्यावर घेतला होता, पण तो पहिल्या दिवसापासून गेम पासच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एकाच वर्गणीत अनेक गेम देणाऱ्या योजनेत होता. आपल्याकडं ऊस एकदा कारखान्यात गेला की कुठल्या गाडीची किती साखर झाली, कोण सांगणार? तसंच ते. वर्गणी सगळ्यांची मिळून येते, तुझ्या गेमचा वाटा किती हे मालक ठरवणार. (पुढं टँगोला क्राफ्टननं घेतलं, तेच बीजीएमआय या मोबाइल गेमवाले.) स्वीडनची एम्ब्रेसर ही गेम कंपनी तर स्टुडिओ घेतच सुटली होती. मे 2023मध्ये 2 अब्ज डॉलरचा करार हुकला आणि ऑगस्टात त्यांच्या व्होलिशन स्टुडिओला कुलूप लागलं.

तेव्हा सही करण्याआधी विचार, तुझ्या प्रोजेक्टचा पैसा विक्रीतून येणार की वर्गणीच्या करारातून, आणि तो करार कधी संपतो. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेव.

नोकरी गेली की व्हिसा खात्याचं पत्र येतं, मग नवी नोकरी शोधायला 60 दिवस. माझे त्यातले नऊ एका नावात गेले. माझ्या पासपोर्टावर 'बेलगाम', लेकीच्या जन्मदाखल्यावर 'बेळगावी', तोही कन्नडमध्ये. नव्या कंपनीच्या वकिलीणबाई विचारतात, ही दोन गावं का? आबांनी 1986ला कन्नडसक्तीविरुद्ध लाठ्या खाल्ल्या, आणि मी दोन्ही गावं एकच आहेत म्हणून सही करून दिली. त्या दोन्हींत आमचं बेळगाव कुठंच नव्हतं.

लेकीच्या शाळेत घरची भाषा विचारली, मी 'मराठी' लिहिलं. त्यांनी नोंदवलं 'इंडियन'. दोनदा मेल केला, अजून तसंच आहे. आज्जी व्हिडिओवर विचारते, "काय करूलालीस गं?" ही म्हणते, "नथिंग, आज्जी." शाळेवर राग काढते खरी, पण घरात तिच्याशी इंग्रजीत बोलायला मीच सुरुवात केली होती.

एकटेपणाचं विचारलंस. डिसेंबरात चारलाच अंधार पडतो, दिवा लावायचा.

सत्तेचाळिसाव्या दिवशी मला एका बँकेत सॉफ्टवेअर तपासायचं काम मिळालं. गेम सुटले ते सुटलेच. आबा अजून गणपत गल्लीत भेटेल त्याला सांगतात, पोरगी गेम बनवते. तू बेळगावला गेलास आणि ते भेटले, तर यातलं काही बोलू नकोस.