‘नहेम्या’ की ‘नेहेमाया’?

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेले पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांच्या ख्रिस्ती नावाचे ‘नहेम्या’, ‘नेहेमिया’ आणि ‘नेहेमाया’ असे तीन पाठ दिसतात. त्यांतला शुद्ध कोणता, आणि ‘नहेम्या’ हे ‘गण्या’, ‘पक्या’ यांसारखे तुच्छतादर्शक वाटत नाही का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

आधी दुसऱ्या शंकेविषयी. ‘गण्या’तला ‘-या’ हा मराठी प्रत्यय असून तो सलगी किंवा तुच्छता दाखवतो, तर ‘नहेम्या’तला ‘या’ हे ‘याहवेह’ या ईश्वरनामाचे संक्षिप्त रूप आहे. ‘सांत्वन करणे’ या अर्थाच्या न-ह-म या हिब्रू धातूशी ते जोडले, की ‘याहवेह सांत्वन करतो’ असा अर्थ मिळतो. नहूम हे संदेष्ट्याचे नाव त्याच धातूचे, आणि बायबलमधल्या कफर्णहूम या गावाच्या नावाचा अर्थही ‘नहूमचे गाव’ असाच आहे. यशया, यिर्मया, जखऱ्या, सफन्या, ओबद्या या नावांच्या शेवटीही हाच ‘या’ आहे. म्हणजे आपल्या कानाला जो भाग सर्वांत हलका वाटतो, तोच मुळात सर्वांत पवित्र आहे!

मराठी बायबलने ही नावे हिब्रूच्या जवळ ठेवली. इंग्रजीत मात्र याच नावाचा उच्चार ‘नीअमाया’सारखा होतो, आणि लिपीतला ‘ह’ बोलण्यात जवळजवळ विरून जातो. ‘नेहेमाया’ हा त्या इंग्रजी अक्षरांवरून जुळवलेला पाठ आहे.

बायबलमधला प्रसिद्ध नहेम्या हा इराणी सम्राटाचा प्यालेबरदार (मद्याचा प्याला हाती देणारा सेवक) होता. त्याच्या देखरेखीखाली यरुशलेमचा तट ५२ दिवसांत पुरा झाला. गंमत म्हणजे बायबलमधल्या त्याच्याच नावाच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात तटाच्या एका भागाची डागडुजी करणारा अजबूकचा मुलगाही नहेम्याच आहे.

पुढे इंग्लंडमधील प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या) कुटुंबांत जुन्या करारातल्या नावांची आवड वाढली. वनस्पतींच्या अंतर्रचनेचा सूक्ष्मदर्शकातून अभ्यास करून १६८२ मध्ये त्यावर मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध करणारे नेहेमाया ग्रू (१६४१–१७१२) अशाच घरातले; त्यांचे धर्मोपदेशक वडील ओबदाया, म्हणजे आपल्या बायबलमधले ‘ओबद्या’. अमेरिकेत ब्लूज गायक स्किप जेम्स (१९०२–१९६९) यांचे पाळण्यातले नाव ‘नेहेमाया’ हेच होते. ११० मीटर अडथळ्यांची शर्यत १३ सेकंदांच्या आत, १९८१ मध्ये झुरिकला १२.९३ सेकंदांत, प्रथम पूर्ण करणारे रेनाल्डो नेहेमाया यांचे मात्र ते आडनाव आहे.

गोरे (१८२५–१८९५) यांची गोष्ट वेगळी आहे. झाशीजवळ जन्मलेल्या आणि काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा हे नाव स्वीकारले. पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारावरही पुढे त्यांचा प्रभाव पडला. त्यांनी घेतलेले नाव बायबलमधले असल्यामुळे, आणि ते मराठी वाचकाला मराठी बायबलमध्ये ‘नहेम्या’ असेच भेटत असल्यामुळे, ‘नहेम्या नीळकंठशास्त्री गोरे’ हाच पाठ मला योग्य वाटतो. ‘नेहेमिया’ अशुद्ध म्हणता येणार नाही; पण ग्रू किंवा स्किप जेम्स यांच्यासाठी चालणारे ‘नेहेमाया’ गोऱ्यांच्या नावाला लावू नये.