दिवाडीला जाण्याआधी

अगं,

तुझं पत्र मिळालं. पुण्या-मुंबईतल्या सात दुकानांची यादी करून "काका, यातली आधी कुठली बघू?" असं विचारलंयस. एकही बघू नकोस. काचेच्या बरण्या, तागाच्या पिशव्या, पिवळा दिवा हे सगळं आपल्या राजारामपुरीतला सुतार आठवड्यात करून देईल. सेंद्रिय मालाचं दुकान काढायचंय ना? मग गोव्यात दिवाडी बेटावर जा. तिथे एक खोलीभर दुकान आहे, पाटीसुद्धा धड नाही. नाव लिहीत नाही, विचारत गेलीस की सापडेल, आणि विचारत जाणं तुला शिकायचंच आहे.

बोंदेरा या बेटावरच्या उत्सवाच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्टमध्ये, जाऊ नकोस. गर्दीत दुकानदाराला तुझ्याशी बोलायला सवड नसते. दिवाळी उलटल्यावर जा. भात घरात आलेलं असतं, अंगणात तांदूळ वाळत असतो आणि माणसं बोलायच्या मूडमध्ये असतात. गाडी न्यायची नाही. रायबंदर, जुने गोवे आणि नार्वे अशा तीन ठिकाणांहून फेरीबोट बेटावर जाते, पायी माणसाला तिकीट नाही. दोडामार्गावरून डिचोलीकडे उतरलीस तर नार्व्याची फेरी धर, वाटेत सप्तकोटेश्वराचं दर्शन होईल. तो देव मूळचा या बेटावरचाच. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडलं तेव्हा तो नदी ओलांडून नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. हे दुकानाशी संबंधित नाही, पण तुझ्या आजीला सांगायला उपयोगी पडेल.

फेरीवर मात्र मोबाईल खिशात ठेव आणि माल बघ. सकाळच्या फेरीने बेटावर काय जातं? गॅसचे सिलिंडर, अंड्यांचे ट्रे, टोमॅटो-कोबीचे क्रेट. गोव्याची बरीचशी भाजी बेळगावकडून येते आणि बेटही त्याला अपवाद नाही. येताना फेरीवर काय चढतं तेही बघ. बेटावरच्या दुकानात ठेवलेलं सगळं बेटावर पिकतं असं वाटत असेल, तर तो समज धक्क्यावर उतरायच्या आत गेलेला बरा.

आता तांदळाचं सांगतो. यात माझी फजिती आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

माझ्या दुकानाचं दुसरं वर्ष होतं. एका व्यापाऱ्याकडून दोन पोती लाल उकडा तांदूळ घेतला. 'गोव्याच्या खाजनातलं कोरगूट', म्हणजे खाडीकाठच्या बांधाआडच्या शेतातली लाल भाताची जात, असं त्याने सांगितलं, मी तसंच पुठ्ठ्यावर लिहिलं आणि भाव चढा लावला. गोव्याहून लग्न होऊन कोल्हापुरात आलेल्या एक आजी दोन किलो घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी पिशवी परत. "हें कोरगूट न्हय, ज्योती," एवढंच म्हणाल्या. पेज केल्याबरोबर त्यांना कळलं होतं. मी वाद घातला, तांदूळ लालच आहे की म्हणून! त्या हसल्या आणि पैसे न मागताच गेल्या. ज्योती ही केरळात तयार झालेली जात आहे, गोव्यात भरपूर लावतात आणि तिचा दाणाही लालच असतो. तांदूळ वाईट नाही, पण तिला युरिया घालून पिकवतात आणि ती खाजनाबाहेरच्या गोड्या पाण्याच्या शेतातही येते. रंग बघून मी गिऱ्हाइकांना जात सांगत होतो.

दिवाडीला गेलो तो त्यानंतर, तोंड लपवायलाच म्हण हवं तर. दुकानातल्या बाईंना म्हटलं, लाल तांदूळ द्या. त्यांनी विचारलं, "कुठलो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्याकडे तीन पोती होती आणि प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी: वाडा म्हणजे गावातली वस्ती कुठली, शेत बांधापासून किती आत, उकडला कुठल्या महिन्यात. ज्योतीचं पोतंही होतं, आणि त्यावर ज्योती असंच लिहिलं होतं. भाव कमी, मान तेवढाच. सगळी चिठ्ठी तीन ओळींची. तुझ्या दुकानातल्या प्रत्येक पोत्यावर तशा तीन ओळी लिहिता आल्या तर सुताराचा खर्च वाचला म्हणून समज.

दुकानातून निघालीस की त्या चिठ्ठीवरचं शेत बघायला जा. खाजन म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली सखल जमीन. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती आली की पाण्याच्या जोराने झडपा मिटतात, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर जातं. पावसाळ्यात गोडं पाणी जमिनीतलं खारेपण धुऊन काढतं आणि तेवढ्या चार महिन्यांत भात घ्यायचं. भात निघाल्यावर खारं पाणी आत घेतात, त्याबरोबर गाळ येतो, मासळी येते, कोळंबी येते. खारटपणा सोसणारं कोरगूट तिथे तगतं, पण उत्पन्न कमी देतं. तिथे खत घालत नाहीत याचं कारण तत्त्वज्ञान नव्हे. नदी गाळ आणून टाकते आणि या भाताला खताची फारशी हावही नाही. म्हणून तिथल्या म्हाताऱ्याला "तुम्ही ऑरगॅनिक शेती करता का?" असं विचारू नकोस. "बांध यंदा कुणी बांधला?" असं विचार, तासभर बोलेल. बांध फुटला तर खारं पाणी घुसून पीक जातं आणि जमीन पुन्हा लावणीला यायला वेळ लागतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलंस की तांदळाच्या भावात घासाघीस करायला तुझी जीभ रेटणार नाही.

दुसरा शब्द 'गावठी'. गोव्यात गावठी म्हटलं की लोक दोन पैसे जास्त देतात: गावठी अंडी, गावठी मिरची, गावठी भेंडी. आपल्याकडचे गिऱ्हाईक गावठी आणि सेंद्रिय एकच धरतात आणि दुकानदार त्यांना तसं धरू देतात. गावठी कोंबडी उकिरड्यावर काय टिपते ते कुणी लिहून ठेवत नाही. गावठी भेंडीवर फवारा मारता येतोच. तू दोन्ही शब्द वापर, पण एकमेकांच्या जागी वापरू नकोस.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण ते तुला वाचून कळेल. सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ चे. वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असलेला लहान उत्पादक स्वतः थेट खाणाऱ्याला विकत असेल तर प्रमाणपत्राची सक्ती नाही, मात्र 'जैविक भारत' हे सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह त्याला लावता येत नाही. तू घेऊन विकणार, म्हणजे ती सवलत आपोआप तुझी होत नाही. मोठी निर्यातवाली प्रमाणन पद्धत लहान शेतकऱ्याला महाग पडते. पीजीएस म्हणून दुसरी पद्धत आहे, शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी घ्यायची; तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो, ते तुझ्या आवाक्यातलं आहे. आणि रासायनिक शेतीतून वळलेल्या जमिनीला हंगामी पिकांसाठी दोन वर्षं, झाडांसाठी तीन वर्षं थांबावं लागतं. "यंदापासून सेंद्रिय" असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाज, माल घेऊ नकोस.

माडाचा गूळ मिळाला तर बघ. काळा, सुळक्यासारखा. माडाची सूर, म्हणजे माडातून काढलेला गोड रस, आंबायच्या आत आटवून करतात. माडावर चढणारे रेंदेर कमी झालेत, त्यामुळे खरा गूळ थोडा आणि साखर किंवा उसाचा गूळ मिसळलेला जास्त. आपण गुळाच्या गावचे, आपल्याला वाटतं काळा गूळ म्हणजे शुद्ध, पिवळा म्हणजे हायड्रॉस, ती रंग उजळायची पावडर, घातलेला. पिवळ्याबद्दल संशय ठीक आहे, पण काळेपणा हाही पुरावा नाही. काहिलीत करपलेला गूळही काळाच दिसतो.

त्या दुकानात एका फळीवर किन्वा आणि गुलाबी मीठ दिसेल. नाक मुरडू नकोस. मीही मुरडलं होतं. बाई म्हणाल्या, ते पर्यटक नेतात, त्यावर विजेचं बिल निघतं, तांदळावर निघत नाही. मला ते पटायला स्वतःच्या दुकानाचे दोन पावसाळे जावे लागले. पावसाळ्यात तांदळाला टोके होतात, डाळीला भुंगे लागतात, आणि घरी आपण चोळतो ती बोरिक पावडर विकायच्या मालाला चालत नाही. थोडं आणायचं, वाळवून, हवाबंद ठेवायचं, आणि जून ते सप्टेंबर फळी रिकामी दिसली तर दिसू द्यायची. बेटावर मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा कोरगूट संपलं होतं. "ना. सोंपलें," बाई म्हणाल्या आणि दुसरं पोतं पुढे सरकवलं नाही. मी रिकाम्या हाताने फेरी धरली. राग आला होता, खोटं कशाला सांगू.

जाताना सुटे पैसे ने, कापडी पिशवी ने. मराठीत बोल, त्यांना समजतं, पण कोकणी कानावर पडू दे, मालाची निम्मी नावं त्यातच आहेत. फोटो विचारून काढ. पहिल्या दिवशी "मीही दुकान काढतेय" हे सांगून टाक, लपवून विचारपूस केलेली त्यांना लगेच कळते. दोन किलो कोरगूट घे, घरी पेज कर आणि शेजारी ज्योतीची पेज कर. दोन्हींतला फरक जिभेने ओळखता येईपर्यंत दुकानाची पाटी रंगवायला टाकू नकोस.

शेवटची फेरी किती वाजता ते उतरतानाच धक्क्यावर विचारून घे. आणि माडाचा गूळ खरा वाटला तर माझ्यासाठी अर्धा किलो आण. प्लास्टिकमध्ये नको, त्याला पाणी सुटतं. कागदात बांधून दे म्हणावं.

तुझा,
काका