ड्रिल होलमध्ये अंतर किती ठेवावं? सोन्याच्या डिपॉझिटला 50 मीटरचं ग्रिड पुरेल का?

तुम्हाला 50 चा आकडा कुणी दिला माहीत नाही, पण याच आकड्यावरून माझं एकदा कडाक्याचं भांडण झालंय म्हणून लिहितोय.

क्वार्ट्झच्या शिरांमधलं सोनं होतं. मॅनेजर म्हणाले सरसकट 50 बाय 50 मारा, शेजारच्या डिपॉझिटला तेवढंच होतं. मी म्हटलं सर, आधी एका जागी क्रॉस मारू, एकमेकांना छेदणाऱ्या दोन रांगांत 10-10 मीटरवर आठ-दहा होल, म्हणजे जवळच्या अंतरावर ग्रेड (टनामागे सोनं किती) किती बदलतो ते तरी कळेल. तर सगळ्यांसमोर म्हणाले, "एकाच जागी दहा भोकं पाडायला पैसे झाडाला लागतात का?" झालं, विषय बंद. ग्रिड पूर्ण झाल्यावर व्हेरिओग्राम (होलमधलं अंतर वाढेल तसा ग्रेडमधला फरक किती वाढतो त्याचा आलेख) काढला तर पहिला पॉइंटच 50 मीटरवर आणि तिथून पुढे सगळं सपाट. म्हणजे रेंज, ज्या अंतरापर्यंत दोन होलच्या ग्रेडचा एकमेकांशी संबंध असतो ती, 50 च्या आत कुठेतरी, पण किती ते त्या डेटातून निघणारच नाही. तरी साठा इंडिकेटेडमध्ये, म्हणजे बऱ्यापैकी खात्रीच्या वर्गात, टाकला!

पुढे एका होलमध्ये रॉड अडकले म्हणून 6 मीटर बाजूला दुसरा होल घ्यावा लागला. दोन्ही कोअर बॉक्स (होलमधून निघालेल्या दगडाच्या कांड्यांचे) मी शेजारी शेजारी ठेवले. शीर तीच, जाडी वीतभर, तोच दुधी क्वार्ट्झ. पहिल्यात लेन्सखाली सोन्याचे कण दिसत होते, दुसऱ्यात काहीच नाही, लॅबचा रिझल्टही तसाच. सर म्हणाले लॅबची चूक. परत पाठवलं, रिझल्ट तोच.

तर 50 पुरेल का हे तुमचा व्हेरिओग्राम सांगेल, शेजारची खाण नाही. इंडिकेटेडसाठी ढोबळमानाने रेंजच्या दोन तृतीयांश अंतर धरतात, आणि स्ट्राइकच्या दिशेने (शिरेच्या आडव्या लांबीने) वेगळं, डिपच्या दिशेने (शीर खाली उतरते तसं) वेगळं, चौकोनी ग्रिडचा हट्ट कशाला? कोळशासारखा सलग थर असेल तर शेकडो मीटरवरही भागतं, सोन्याच्या शिरेला तो हिशोब लावूच नका. अंतर निम्मं केलं की होल चौपट होतात, म्हणून क्रॉस आधी मारायचा, सगळं ग्रिड झाल्यावर नाही.

हां, नगेट इफेक्ट, म्हणजे अगदी शेजारच्या सॅम्पलमध्येही ग्रेडचा मोठा फरक, फार असेल तर नुसते होल जवळ घेऊन उपयोग नाही, सॅम्पल मोठं घ्या. आणि 300 मीटर खोल होल 2 अंशांनी जरी वाकडा गेला तरी तळाशी 10 मीटर सरकतो, त्यामुळे डाउनहोल सर्व्हे (होल आत कुठे वळला याची मोजणी) नसेल तर 20 मीटरच्या ग्रिडला फारसा अर्थ नाही.

क्रॉसला नाही म्हणाले तर ते नाही मेलवर लेखी घ्या. मी घेतलं नव्हतं.