केवळ पोस्टरवर कारकीर्द उभी राहते का?

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. जाहिरात संस्थेत सर्व प्रकारची कामे करण्यापेक्षा केवळ पोस्टरचे काम करावे, अशी माझी इच्छा आहे. त्यावर पोट भरत नाही, असे शिक्षक सांगतात. अशी कारकीर्द कोणी केली आहे का, आणि केली असल्यास ती कशी चालली?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या शिक्षकांचे म्हणणे निम्मे खरे आहे. केवळ पोस्टरच्या मोबदल्यावर आयुष्यभर घर चालवणारे चित्रकार कोणत्याही देशात मोजकेच झाले. पोस्टरमुळे नाव झाले आणि त्या नावावर इतर कामे मिळत गेली, असे मात्र बरेच झाले. तुमच्याच गावचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत असत, पुढे चित्रपट काढू लागले आणि त्या चित्रपटांची पोस्टरही त्यांनी स्वतः केली. परंतु त्यांचा व्यवसाय चित्रपटाचा होता. व्यवसाय म्हणून पोस्टरच निवडणाऱ्या माणसाचे उदाहरण हवे असेल, तर लंडनचे एब्राम गेम्स यांची कारकीर्द पाहावी.

गेम्स यांचा जन्म १९१४ साली पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत झाला. वडील छायाचित्रकार होते आणि त्यांच्याच स्टुडिओत मुलाला एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारण्याचे साधन) हाताळण्याची सवय लागली. सेंट मार्टिन्स कलाशाळेत त्यांनी प्रवेश घेतला खरा, पण दोन सत्रांतच ती सोडली. नंतर दिवसा एका व्यावसायिक स्टुडिओत हरकाम्या म्हणून नोकरी आणि संध्याकाळी मानवी देहाच्या रेखाटनाचे वर्ग, असा त्यांचा क्रम राहिला. १९३५ साली लंडन काउंटी कौन्सिलची पोस्टर स्पर्धा त्यांनी जिंकली आणि पुढच्याच वर्षी नोकरीवरून काढले गेल्यावर (कारण असे की, गंमत म्हणून त्यांनी ओळीने मांडलेल्या खुर्च्यांवरून उडी मारली होती) त्यांनी स्वतंत्रपणे काम सुरू केले. शेल ही तेलकंपनी, लंडनची सार्वजनिक वाहतूक आणि टपाल खाते हे त्यांचे सुरुवातीचे ग्राहक होते. यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे तिन्ही ग्राहक त्या काळी चांगल्या चित्रकारांकडून सातत्याने पोस्टर करून घेत होते. पोस्टरकाराची कारकीर्द त्याच्या कौशल्याइतकीच अशा जाणत्या ग्राहकांवर उभी असते, आणि आपल्याकडे उणीव आहे ती बहुधा अशा ग्राहकांचीच.

१९४० साली ते साधे शिपाई म्हणून सैन्यात गेले. वर्षभरात युद्धखात्याने त्यांना पोस्टरच्या कामासाठी बोलावून घेतले आणि १९४२ साली ‘अधिकृत युद्ध-पोस्टरकार’ असे पद त्यांना मिळाले. युद्धकाळात त्यांनी सुमारे शंभर पोस्टर केली. बेसावध बोलण्याने आपलेच सोबती मारले जातात, हे सांगणाऱ्या पोस्टरमध्ये सैनिकाच्या तोंडातून निघालेले वलय फिरत फिरत संगिनीचे रूप घेते आणि ती संगीन तीन सैनिकांच्या आरपार गेलेली दिसते. बोलणे हे कारण आणि मृत्यू हा परिणाम. दोहोंमध्ये एकच अखंड रेषा आहे. मजकूर झाकला तरी अर्थ पोहोचतो, हे या पोस्टरचे सामर्थ्य मला फार मोठे वाटते.

सरकारी काम मिळाले म्हणून वाट सोपी झाली नाही. स्त्रियांच्या सैन्यदलात भरतीसाठी १९४१ साली केलेले त्यांचे पोस्टर, त्यातील तरुणी फारच मोहक दिसते, या आक्षेपावरून मागे घ्यावे लागले. दुसऱ्या एका पोस्टरमध्ये फिन्सबरी येथील नव्या आरोग्यकेंद्राच्या स्वच्छ इमारतीमागे पडकी वस्ती आणि तिच्यात मुडदूस झालेले मूल दाखवले होते. ते पंतप्रधान चर्चिल यांना रुचले नाही आणि त्यावर बंदी आली. पोस्टर हे दुसऱ्याच्या पैशाने आणि दुसऱ्याच्या नावाने रस्त्यावर लागते, त्यामुळे त्याचा शेवटचा शब्द पोस्टरकाराचा नसतो. हे ज्याला सोसत नाही त्याने चित्रकलेची दुसरी वाट धरलेली बरी.

युद्धानंतर गेम्स घरातल्याच स्टुडिओत एकट्याने काम करत राहिले. ‘कमीत कमी साधनांत जास्तीत जास्त अर्थ’ हे त्यांचे सूत्र पोस्टरमधून घडले होते. परंतु त्याच सूत्राने त्यांनी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचे टपाल तिकीट केले, १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या राष्ट्रीय प्रदर्शनाचे बोधचिन्ह केले आणि १९५३ साली बीबीसी दूरचित्रवाणीसाठी पडद्यावर हलणारे पहिले चिन्ह तयार केले. मधल्या काळात रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये अध्यापन केले. इतकेच काय, कॉफी करण्याच्या एका यंत्राचाही आराखडा त्यांनी केला. पोस्टर मात्र सुटले नाही. १९७६ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयासाठी केलेल्या पोस्टरमध्ये भुयारी रेल्वेच्या परिचित वर्तुळ-पट्टीच्या चिन्हातूनच त्यांनी वाघ उभा केला. १९९६ साली ते वारले तेव्हा त्यांची ओळख पोस्टरकार अशीच होती, जरी मिळकत अनेक दिशांनी आलेली होती.

तेव्हा शिक्षकांना एवढेच सांगा की, तुम्ही पोस्टर निवडता आहात म्हणजे बाकीची कामे नाकारता आहात, असे नाही. आपल्याकडेही मराठी नाटकांच्या शीर्षकांना ज्यांच्या अक्षरांनी चेहरा दिला त्या कमल शेडगे यांनी टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात अनेक वर्षे नोकरी केली होती.

प्रश्न : आता सर्व काम संगणकावर होत असताना हाताने कच्ची रेखाटने करण्याचा आग्रह योग्य आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आग्रह कागदाचा नाही, लहान आकाराचा आहे. इंचभर उंचीच्या रेखाटनात जी कल्पना उभी राहत नाही ती मोठ्या आकारातही उभी राहणार नाही, असे गेम्स मानत असत. आज नाटकाचे किंवा चित्रपटाचे पोस्टर बहुतेक लोक प्रथम मोबाइलच्या पडद्यावर बोटभर आकारात पाहतात, त्यामुळे ही कसोटी पूर्वीपेक्षा अधिक लागू पडते. देवनागरीत तर आणखी एक अडचण येते. रोमनप्रमाणे मोठ्या लिपीची अक्षरे आपल्याकडे नाहीत, शिरोरेषा संपूर्ण शब्दाला एका आडव्या पट्टीत बांधते आणि वेलांट्या, मात्रा, उकार यांना वर-खाली जागा द्यावीच लागते. इंग्रजी शीर्षक धरून केलेल्या मांडणीत नंतर मराठी शब्द बसवले की ओळी एकमेकींत अडकतात, ते याचमुळे. शीर्षकाची मांडणी आधी हाताने करून पाहिली, तर हा घोळ पहिल्या पाच मिनिटांतच लक्षात येतो.

प्रश्न : मी केलेल्या पोस्टरचे चित्र ग्राहकाने न विचारता टी-शर्टवर छापले. हक्क कोणाचा?
– एक मुक्त व्यावसायिक, पुणे

उत्तर : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सर्वसाधारणपणे निर्माता हा पहिला हक्कधारक असतो, नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मात्र, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या रंगचित्राबाबतही कायद्याचा कल काम देणाऱ्याकडे आहे, त्यामुळे तुमचे चित्र कोणत्या प्रकारात मोडते, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते आणि त्यात मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षांची धरली जाते. पुढच्या कामाच्या दरपत्रकातच ‘केवळ पोस्टर व त्याच्या जाहिरातीसाठी, इतर वापरास स्वतंत्र मोबदला’ अशी ओळ घालावी आणि आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी त्यावर ग्राहकाची सही घ्यावी.