शनिवारी घाण्याचा बैलसुद्धा उभा

मागच्या अंकात सहज एक ओळ लिहून गेलो होतो की रविवारची सुट्टी शेवटी बायबलमधूनच आली, आणि त्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. बरंच झालं, ती ओळ अर्धवट होती.

प्रश्न : मी आयटीत आहे, आमची क्लायंट टीम इस्राएलमध्ये. तिथला एक जण शुक्रवारी दुपारनंतर जो गायब होतो तो थेट शनिवारी रात्री उगवतो. मेल नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही, एकदा सिस्टीम बंद पडली तरी फोन उचलला नाही. सुट्टी आम्हालाही असते हो, पण इतकं कसलं कडक? – एक वाचक, हिंजवडी

उत्तर : तुम्हाला असते ती सुट्टी, म्हणजे त्या दिवशी तुम्ही दळण आणता, गाडी धुता, बँकेचं राहिलेलं काम करता, मॉलमध्ये पार्किंग शोधता आणि सोमवारी दमून ऑफिसला जाता. तुमचा तो मित्र पाळतो तो शब्बाथ, ज्यूंचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, आणि हा शब्द ज्या हिब्रू धातूवरून आलाय त्याचा अर्थ आहे थांबणं. देवानं सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी हात थांबवला, म्हणून माणसानंही थांबायचं. आणि बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात प्रत्येक दिवस मोजताना आधी संध्याकाळ येते मग सकाळ, त्यामुळं ज्यूंचा शनिवार शुक्रवारी सूर्य मावळतानाच सुरू होतो.

आता 'काम' म्हणजे काय हा मोठा घोळ, तो ज्यूंच्या मिश्ना नावाच्या ग्रंथात, साधारण १८०० वर्षांपूर्वी, निस्तरलाय. तिथं कामाचे ३९ प्रकार दिलेत, 'चाळीसला एक कमी' असंच म्हटलंय. नांगरणं, पेरणं, कापणी, दळणं, मळणं, भाजणं, शिवणं, गाठ मारणं, विस्तव पेटवणं, विझवणं, घरातली वस्तू रस्त्यावर नेणं वगैरे. दोन अक्षरं लिहिणं हेसुद्धा त्यात येतं! घाम येतो की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही, म्हणजे नियमाच्या भाषेत घरातल्या घरात कपाट सरकवलं तर चालून जाईल पण काडी ओढलेली चालणार नाही. वीज आली तेव्हा रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, बटणालाही मनाई केली. म्हणून तुमचा मित्र फोनला हात लावत नाही, आणि तुमची सिस्टीम बंद पडणं हे त्याच्या हिशेबात अजिबात संकट नाही, सॉरी.

मी हे पुस्तकात वाचायच्या आधी बघितलंय. माझं लहानपण ठाण्यातलं, टेंभी नाक्याजवळ १८७९ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे त्याच भागातलं, आणि शेजारी एक बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी, काकू राहायच्या. शुक्रवारी दुपारपासून त्यांची नुसती धावपळ, कालवण करून झाकून ठेव, पाणी भरून ठेव, फ्रिजमधला बल्ब काढून ठेव (दार उघडलं की पेटतो ना), आणि ऊन उतरलं की काचेच्या ग्लासात खोबरेल तेल घालून त्यावर वात. ती लावल्यावर त्या दोन्ही हातांनी डोळे झाकून प्रार्थना पुटपुटायच्या. मला वाटायचं रडतायत. खरं कारण मजेशीर आहे, आधी प्रार्थना म्हटली तर शब्बाथ लागला, मग काडी ओढता येत नाही, म्हणून आधी दिवा लावायचा, डोळे झाकून तो 'अजून बघितलाच नाही' असं धरायचं, प्रार्थना म्हणायची आणि मग हात काढून बघायचं. टेबलावर रुमालाखाली दोन पाव असायचे. वाळवंटात देव रोज मान्ना नावाचं अन्न द्यायचा ते शुक्रवारी दुप्पट मिळायचं, त्याची ती आठवण. वाईनऐवजी काळ्या मनुकांचं सरबत, त्यातलं अर्धं माझ्या पोटात जायचं.

शनिवारी दुपारी काकू दारात येऊन म्हणायच्या, "काय रे बाबा उकडतंय आज!" मी जाऊन पंखा लावायचो. 'पंखा लाव' असं त्यांनी कधीच म्हटलं नाही, कारण दुसऱ्याला सांगून करून घेणंही बरोबर नाही. त्यातली गोम मला कॉलेजात गेल्यावर कळली.

प्रश्न : कोकणात 'शनिवार तेली' म्हणायचे ते हेच लोक का? आमचे आजोबा सांगायचे. – अलिबाग

उत्तर : हेच. त्यांच्या परंपरेप्रमाणं पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, सात बायका सात पुरुष तेवढे वाचले. ग्रंथ बुडाले, हिब्रू विसरली, मराठी बोलायला लागले, आडनावं गावांवरून पडली, नवगावकर, पेणकर, किहीमकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. पण काही गोष्टी सुटल्या नाहीत, मुलांची सुंता, 'शेमा' ही प्रार्थना, खवल्यांशिवायचा मासा न खाणं आणि शनिवार. बाकीचे तेली सोमवार पाळायचे, महादेवाचा वार, म्हणून ते सोमवार तेली आणि हे शनिवार तेली. एवढी साधी नावं आहेत, पण विचार करा, गावाला यांच्या धर्माचं काही एक माहीत नव्हतं, माहीत होतं ते एवढंच की यांचा घाणा कुठल्या दिवशी बंद असतो!

आणि मला यात सगळ्यात भारी वाटतो तो बैल. दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात. 'निर्गम' नावाच्या पुस्तकात शब्बाथचं कारण सृष्टी असं दिलंय, पण 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात कारण बदलतं, तिथं म्हटलंय की तू मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होतास हे आठव, म्हणून तुझ्या दासदासींना, परक्या माणसाला, बैलाला आणि गाढवालाही विसावा मिळू दे. म्हणजे मालक देवळात जाऊन बसला आणि गडी घाण्यावर, असं जमायचं नाही. अलिबागला वर्षभर डोळ्यांवर झापड बांधून गोल गोल फिरणारा तो बैल शनिवारी नुसता रवंथ करत उभा असणार, आणि मोशेच्या ग्रंथाची एक प्रतसुद्धा गावात नव्हती तेव्हा. इस्राएल आळीतलं सिनेगॉग वगैरे सगळं त्याच्या फार नंतरचं.

प्रश्न : जीवावर बेतलं तरी नियम? मी नर्स आहे म्हणून विचारते. – नाशिक

उत्तर : नाही ताई, तिथं नियम उलटा होतो. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायलाच हवा, गाडी चालवा, फोन करा, ऑपरेशन करा. तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात त्याचं कारण असं दिलंय की एक शब्बाथ मोडा म्हणजे तो माणूस पुढचे पुष्कळ शब्बाथ पाळील. हे शहाणपण मार खाऊन आलेलं आहे बरं का. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक राजाच्या सैन्यानं शनिवारी हल्ला केला, ज्यू लोकांनी हत्यार उचललं नाही आणि हजारेक माणसं मेली अशी नोंद मक्काबींच्या पुस्तकात आहे, त्यानंतर ठरलं की यापुढे शनिवारीही लढायचं. इस्राएलमधल्या हॉस्पिटलांत शब्बाथची लिफ्ट असते, आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबत जाते, कुणी बटण दाबायला नको.

प्रश्न : मग आम्ही ख्रिस्ती लोक रविवार का पाळतो? आज्ञा तर सातव्या दिवसाची आहे. घरात यावरून वाद झालाय. – वसई

उत्तर : वाद तुमच्या घरापुरता नाही. येशू स्वतः ज्यू, शनिवारी सभास्थानात जायचा. त्याचं भांडण होतं ते नियमांच्या वापराशी, शनिवारी शिष्यांनी भूक लागली म्हणून कणसं मोडली, त्यानं आजाऱ्यांना बरं केलं, त्यावर लोक चिडले तेव्हा तो म्हणाला की शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथसाठी नाही. तो मेलेल्यांतून उठला तो रविवारी, म्हणून सुरुवातीचे ख्रिस्ती रविवारी जमायला लागले, पण तो जमण्याचा दिवस होता, सुट्टीचा नाही, बिचारे भल्या पहाटे जमून नंतर कामाला जायचे. सुट्टी दिली रोमन बादशहा कॉन्स्टंटाइननं, ७ मार्च ३२१ ला, न्यायाधीश, शहरातले लोक, कारखाने यांना 'सूर्याच्या दिवशी' बंद, शेतकऱ्यांना मात्र सूट, कारण पेरणीचा दिवस हुकला तर हुकला. त्याच शतकात लाओदिकियाच्या धर्मसभेनं शनिवारी काम बंद ठेवायला मनाईच केली. मतभेद कायम राहिले ते राहिलेच, इथिओपियाचं जुनं चर्च शनिवार-रविवार दोन्ही मानतं, आणि सेव्हंथ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी, १८६३ पासून ज्यांचं चर्च आहे, ती शनिवारच पाळतात, पुण्यात औंधला त्यांचं स्पायसर कॉलेज आहे, आता त्याचं विद्यापीठ झालंय.

एक गंमत म्हणजे तुम्ही शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलात तरी ती रविवारचीच धरतात. दिवस संध्याकाळपासून मोजायची ही ज्यूंचीच रीत, ती राहिली.

प्रश्न : जर्मनीत आहे. रविवारी भिंतीला ड्रिल मारलं तर वरच्या आजी तणतणत खाली आल्या, मग रिकाम्या बाटल्या टाकायला गेलो तर तिथंही ओरडा. हे लोक तर चर्चलाही जात नाहीत! – श्टुटगार्ट

उत्तर : चर्च सुटलं, रविवार सुटला नाही. तुमच्या त्या देशात रविवार घटनेत आहे, १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम आजच्या घटनेतही तसंच ठेवलंय, रविवार हा विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून सांभाळायचा. त्यामुळं दुकानं बंद, ड्रिल बंद, काचेच्या बाटल्यांचा खळखळाटही बंद. आजींना सोमवारी काहीतरी गोड नेऊन द्या.

प्रश्न : म्हणजे आपला रविवार इंग्रजांच्या चर्चमुळंच ना? – परळ

उत्तर : इथंच माझी मागची ओळ चुकली. साहेबाच्या कचेऱ्या रविवारी बंद असायच्या हे खरं, पण मुंबईच्या गिरण्यांतल्या माणसाला त्यातलं काही मिळत नव्हतं. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सहकारी, यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या, त्यातली पहिलीच मागणी रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. रविवार हा खंडोबाचा वार, असंही ते मांडायचे म्हणतात. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी ते मान्य केलं. म्हणजे वार कॉन्स्टंटाइनचा, निमित्त खंडोबाचं, आणि मागणी तीच जुनी, मिसरातल्या गुलामांची.

प्रश्न : शब्बाथ संपला हे कसं ठरवतात? – सांगली

उत्तर : आकाशात तीन तारे दिसले की संपला. पावसाळ्यात काकू कॅलेंडरमधली वेळ बघायच्या. मग वळलेली मेणबत्ती लावतात, मसाल्याचा वास घेतात, म्हणजे जाणाऱ्या दिवसाचा सुगंध तेवढा ठेवून घ्यायचा, आणि शेवटी ती मेणबत्ती पेल्यातल्या वाईनमध्ये विझवतात, चुर्र असा आवाज येतो आणि आठवडा सुरू. हिंजवडीच्या वाचकांसाठी, उन्हाळ्यात जेरुसलेमला तीन तारे दिसतात तेव्हा आपल्याकडं रात्रीचे अकरा वाजत आलेले असतात, त्यामुळं उत्तराची वाट बघत जागू नका. तो रविवारी सकाळी निवांत ऑफिसला जातो, तिकडं तो कामाचा पहिला दिवस, आणि तुम्ही फोन उचलत नाही तेव्हा 'इतकं कसलं कडक' असं तोही म्हणत असणार.